मागच्या डब्यातलं तेल

बाबा,

काल ती जीप परत आली. पाण्याच्या माणसाची जीप. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि मी तिला शेवटचं बघितलं त्यालाही जवळपास तेवढीच झाली असतील, पण आवाज कानावर पडल्याबरोबर मी हातातला पाना खाली ठेवला. चालवत होती त्याची भाची. मामा आता गाडी चालवत नाही म्हणाली, मला दिली, पण एक अट घातली, की हिच्याखाली रामलातल्या त्या इंडियन बाईशिवाय कुणाला झोपू द्यायचं नाही. मी झोपले. दोन डब्यांच्या मधल्या प्लेटखाली तेलाचा एक थेंब लोंबत होता. एवढ्या वर्षांनी सीलचं रबर कडक झालं होतं, बाकी काही नाही. आज दुपारी नवीन बसवून गाडी दिली. भाची म्हणाली, छोटंच काम होतं तर. मी हो म्हटलं. आणि तेव्हापासून हे कुणाला सांगू असं झालंय. त्या प्लेटची गोष्ट कळणारे तुम्हीच. म्हणून वही घेऊन बसले.

क्रमाने सांगते, कारण नंतर तुम्ही ही गोष्ट लोकांना सांगायचात तेव्हा दर वेळी काहीतरी गाळायचात, आणि बहुतेक वेळा आईलाच गाळायचात.

ती जीप पहिल्यांदा आली त्या वर्षी मी नोकरीला होते तो पंपांचा कारखाना बंद पडला. हैफाला तीन वर्षं शिकून मी तिथे लागले होते, बारा वर्षं काढली, आणि पस्तिसाव्या वर्षी घरी बसले. तुम्ही म्हणालात, "दुसरं मिळेपर्यंत गॅरेजमध्ये ये." ते 'दुसरं मिळेपर्यंत' तुम्ही रोज कुणाला ना कुणाला सांगायचात. शेजारच्या लेथवाल्याला, सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्यांना, गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला. गाडीखाली जाऊ नकोस असं तुम्ही कधीही म्हणाला नाहीत. पण मी चाकांची फळी ओढून तिच्यावर पाठ टेकवली की तुम्हाला नेमका एखादा फोन आठवायचा जो मीच करायला हवा. सुट्या भागांच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांच्या तारखा, गाड्यांच्या वार्षिक टेस्टचे कागद. तुमचं हिब्रू फोनवर अडखळायचं हे खरं होतं, पण दर तासाला अडखळण्याइतकं नव्हतं.

अशात ऑगस्टच्या अखेरीला तो आला. आपल्या पत्र्याखाली तेव्हा सकाळी दहालाच भट्टी व्हायची. त्याने जीप अर्धी सावलीत, अर्धी उन्हात थांबवली, आधी दोन काठ्या बाहेर आल्या, मग तो. लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायात जीवच नव्हता आणि डाव्याला पट्ट्यांचा आधार. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर स्टिअरिंगखालच्या एका दांड्याने हाताने चालायचे, क्लच तेवढा डाव्या पायाने. त्याने आधी गाडीबद्दल काही सांगितलं नाही, पाणी मागितलं. मग सांगितलं की त्याचं कामच पाण्याचं आहे. नेगेव्हच्या वाळवंटात जिथे जिथे कोरडे ओढे आहेत तिथे खडकांत मोजपट्ट्या बसवलेल्या असतात. पावसाळ्यात कुठेतरी लांब पाऊस पडतो आणि ओढ्यातून पाण्याचा लोंढा येऊन जातो. लोंढा ओसरला की ह्याने जाऊन पाणी किती चढलं ते बघायचं, पट्टी वाहून गेली असेल तर नवी लावायची. अठरा वर्षं तो हे करत होता.

पाय असे असताना खडकांत गाडी कशी चालवतोस, असं तुम्ही त्याला सरळ विचारलंत. मला लाज वाटली, त्याला अजिबात नाही. तो खूश होऊन म्हणाला, त्याच्यासाठीच तर दोन डबे आहेत. चारही चाकांना ताकद वाटून देणारा, गाडीचा वेग कमी करून जोर वाढवणारा ट्रान्सफर केस एरवी गाडीला एकच असतो. ह्याने उत्तरेकडच्या एका कारागिराकडून त्याच्या पुढे आणखी एक जोडून घेतला होता, मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालून. दोन्ही हळू गिअरमध्ये टाकले की गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू चालते. किल्ली फिरवली की गिअरमध्येच सुरू होते, किल्ली बंद केली की उतारावरही जागच्या जागी थांबते. क्लच नको, ब्रेक नको, पाय नकोत. "खडकांत ती माझ्यापेक्षा चांगली चालते," असं तो म्हणाला.

पण आता वर्षभर तिने डोकं पिकवलं होतं. हमरस्त्यावर तासभर चालवली की पुढचा डबा तापायचा. गिअरच्या दांड्यांखालचा पत्रा पोळायचा, कुजक्या लसणासारखा तेलाचा वास यायचा, आणि रस्त्याच्या कडेला दोन तास थांबावं लागायचं. तीन गॅरेजं झाली होती. एकाने बेअरिंगं बदलली, एकाने जाड तेल घातलं, तिसऱ्याने आणखी तेल घातलं. त्याच्या ऑफिसने पत्र दिलं होतं, की महिन्याभरावर आलेल्या सुक्कोत सणाच्या सुट्ट्या संपेपर्यंत गाडी भरवशाची झाली नाही तर ओढ्यांचं काम दुसऱ्याला देऊ आणि तुला बेअरशेव्याला टेबलाशी बसवू. बसवू हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. रामलात त्याची बहीण राहायची. तो तिच्याकडे मुक्कामाला आला होता आणि गाडी नीट झाल्याशिवाय परत जाणार नव्हता.

तुम्ही डब्याला हात लावलात. तुमचा नियम होता, तीन आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला तर ठीक. एकसुद्धा मोजता आला नाही. मी कारखान्यातून आणलेला वायरवाला थर्मामीटर काढला, त्याचं टोक लावलं: एकशे अठ्ठावीस. मागचा डबा नव्वद. तुम्ही आकड्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "माझ्या हाताने पण हेच सांगितलं." मग तुम्ही मला फोन करायला पाठवलं नाहीत. एवढंच. पण मी ते लक्षात ठेवलंय.

पहिल्या दिवशी तुम्ही चोर पकडलात असं वाटलं. डबा तापला की आतली हवा फुगते, ती बाहेर जायला एक बारीक नळी असते, तिला आपण ब्रीदर म्हणायचो. ती वर्षानुवर्षांच्या लोंढ्यांच्या चिखलाने दगडासारखी बंद झालेली. तुम्ही तार घालून ती मोकळी केलीत तेव्हा आतून फुस्स आवाज आला, आणि तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला. आपण तिघं लगेच निघालो, लाट्रूनपर्यंत सपाट आणि मग यरुशलेमचा चढ. हमसीनचं, वाळवंटातल्या गरम वाऱ्याचं ऊन, खिडक्या उघड्या, तुम्ही मागे बसून त्याला मुंबईच्या बस डेपोतल्या गोष्टी सांगताय, अर्ध्या हिब्रूत आणि अर्ध्या इंग्रजीत. चढाच्या मध्यावर मला तो वास आला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्याला आला. शेवटी तुम्हीच म्हणालात, "थांबव." त्याने गाडी कडेला घेतली, मी खाली शिरले. एकशे पंचवीस.

दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना मी दोन्ही डब्यांचे बोल्ट उघडले. डब्याच्या कुशीत एक भोक असतं, तेल त्याच्या काठापर्यंत हवं, जास्त नाही आणि कमी नाही. पुढचा बोल्ट काढला तर तेल भसाभस माझ्या बाहीवर आलं. मागच्यात करंगळी घातली, कोरडी बाहेर आली. तुम्ही म्हणालात, तिसऱ्या गॅरेजवाल्याचा पराक्रम, एकात ओतत बसला आणि दुसऱ्यात विसरला. पटण्यासारखं होतं. डब्यात तेल जास्त झालं तर गिअर ते ताकासारखं घुसळत बसतात, फेस होतो, आणि घुसळण्यातच सगळी उष्णता. तापतंय म्हणून त्याने तेल वाढवलं आणि तेल वाढलं म्हणून आणखी तापलं. तुम्ही दोन्हीतलं तेल माझ्याकडून काठोकाठ जुळवून घेतलंत, आपण परत चढावर गेलो, आणि परत वास आला. परतल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि मी बोल्ट उघडले. पुढच्यातून भसाभस. मागच्यात करंगळी कोरडी.

मी खालूनच ओरडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, थंड होताना फरक पडतो, उद्या परत भरून बघू. आणि मी फळीवरून बाहेर येऊन त्या माणसाला हिब्रूत सांगितलं, की माझे वडील अंदाज करतायत, असं चाललं तर तुझे सण इथेच जातील.

तुम्हाला हिब्रू कळत होतं. मला ते माहीत होतं. तुम्ही हात पुसलेत, एकेक बोट, सावकाश, आणि मराठीत म्हणालात, "गिऱ्हाइकासमोर आपण एक असतो. भांडायचं असेल तर आपल्या भाषेत भांड." आवाज चढला नव्हता. तो माणूस आपल्या दोघांकडे बघत होता. शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलं. मी पस्तीस वर्षांची होते, माझी मुलगी शाळेत जात होती, आणि माझे कान चौथीतल्यासारखे लाल झाले.

आणि आता ते जे तुम्ही गाळायचात. दुपारी आपण जेवायला घरी गेलो. तुम्ही आणि मी बोलत नव्हतो. आईने नारळाच्या रसातली मच्छी केली होती, भात वाढला, दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला विचारलं की काय बिनसलंय. मला तुमच्यावर राग काढायचा होता, आणि तुम्ही म्हणालात तसा आपल्या भाषेतच काढायचा होता. पण मराठीत मला गाडीतलं काही म्हणजे काही सांगता येईना. मी दहाव्या वर्षी मुंबई सोडली. माझ्या मराठीत पाटी-पेन्सिल होती, ट्रान्सफर केस नव्हता. सगळे शब्द हिब्रूत, आणि ते आईला येत नव्हते. म्हणून सरळ सांगत गेले. दोन डबे आहेत, एकाला एक चिकटून. दोघांत तेल. मधून एक दांडा जातो, गरगर फिरणारा. दांड्याभोवती रबराची एक कडी, तिला आतून पातळ ओठ असतो, तो दांड्याला चाटून बसतो. ती कडी पुढच्या डब्यातलं तेल मागच्यात जाऊ देत नाही.

आई म्हणाली, "आणि मागच्यातलं पुढे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. तुमचा घास हातात थांबला. आई आपल्याला बघून घाबरलीच, तिला वाटलं काटा अडकला.

कडीला एकच ओठ. ज्या बाजूला ओठाचं तोंड, त्या बाजूचं तेल अडतं, कारण तेलाचा दाब आला की ओठ उलट घट्ट बसतो. दुसऱ्या बाजूने दाब आला तर तोच ओठ उचलला जातो. एरवीच्या गाडीत एका बाजूला तेल असतं आणि दुसऱ्या बाजूला काही नसतं, म्हणून एक ओठ पुरतो. त्या कारागिराने डबे दोन केले आणि ओठ एकच ठेवला. मागच्या डब्यातले गिअर तेल उडवत होते आणि ते दांड्यावरून, ओठाखालून, थेंबाथेंबाने पुढच्यात जात होतं. तीन गॅरेजांनी ती कडी बघितली असेल. नवी होती, चांगली होती, एक चीर नव्हती. तुम्हीही तिच्यावरून नख फिरवलं होतंत.

तुम्ही पाणी प्यायलात आणि हसायला लागलात. तुमचे आजोबा अलिबागेच्या बाजूला तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. हे मी शंभरदा ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, "आपण तेली. तेल कुठे जातं ते आपल्यालाच कळेना, आणि हिला कळलं." आई म्हणाली, मला काही कळलं नाही, जेवा आधी. आपण जेवलो नाही. उभ्यानेच हात धुतले.

पण खात्री कशी करायची? तुमचं म्हणणं, थेट दोन कड्या बसवू. माझं म्हणणं, आधी आहे ती कडी उलटी करून बघू. ओठाचं तोंड मागे केलं तर मागचं तेल अडेल आणि पुढचं जायला लागेल. म्हणजे मागचा डबा तापायला हवा. तसं झालं तर आईचा प्रश्न खरा. त्यावर आपण भांडलो, मराठीत, भर रस्त्यातून गॅरेजपर्यंत. दोन डबे उतरवायचे म्हणजे दीड दिवसाचं काम, आणि ते नुसत्या खात्रीसाठी. दारापाशी तुम्ही थांबलात, म्हणालात, बरं, उलटी कर. मग म्हणालात, "मी वर धरतो, तू खाली जा." त्या दीड दिवसात तुम्ही गाडीखाली गेलाच नाहीत. तुम्ही दिवा धरलात, जॅक सांभाळलात, पाने दिलेत. कुठला पाना हवा ते मी सांगायच्या आधी माझ्या हातात असायचा.

ती तिसरी फेरी आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो, बाबा. लाट्रून गेलं, चढ लागला, तो माणूस नाक वर करून वास शोधतोय. चढाच्या मध्यावर तोच वास, तोच कुजका लसूण. त्याने कपाळावर हात मारला आणि गाडी कडेला घेतली. मी दार उघडून रस्त्यावर पाठ टेकली, मोटारी कानाजवळून जातायत, खडे टोचतायत. पुढच्या डब्याला टोक लावलं: ब्याऐंशी. मागच्याला लावलं: एकशे एकवीस. मी परत लावलं. मग मी हिब्रू विसरले, थर्मामीटर विसरले, मागच्या डब्याकडे नुसता हात नेला आणि भाजून घेतला. "बाबा, मागचा," असं मी खालून म्हणाले, "आता मागचा तापलाय." तुम्ही त्या वयात रस्त्यावर पालथे झालात, गाडीखाली डोकं घातलंत, आणि आपण दोघं तिथे चाकाशेजारी पडल्या पडल्या इतके हसलो की तुम्हाला ठसका लागला. तो बिचारा काठ्या घेऊन उतरला. त्याची गाडी होती तितकीच बिघडलेली होती, फक्त बिघाड एक हात मागे सरकला होता, आणि त्याचे मेकॅनिक आनंदाने लोळत होते. मी त्याला समजावलं. दोन मिनिटं लागली. मग तोही काठ्यांवर रेलून हसायला लागला, आणि एका ट्रकवाल्याने थांबून अपघात झालाय का असं विचारलं.

पुढचं सोपं नव्हतं, पण आता आपल्याला ठाऊक होतं काय करायचं. दोन कड्या हव्यात, पाठीला पाठ लावून, एकीचं तोंड पुढे, एकीचं मागे. जुन्या प्लेटमध्ये दोघींना जागा नव्हती. शेजारच्या लेथवाल्याने, तुम्ही ज्याला हबीबी, दोस्ता, म्हणायचात आणि जो तुम्हाला अबू-बिन्त म्हणायचा, मुलीचा बाप, त्याने नवी जाड प्लेट कातून द्यायचं कबूल केलं. कातताना त्यानेच विचारलं, की दोन कड्यांच्या मधल्या फटीत चुकून तेल शिरलं तर ते कुठे जाणार? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, फटीतून खाली एक बारीक भोक पाडू. कड्या कधी झिजल्याच तर तेल एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याऐवजी बाहेर थेंब टाकेल, आणि थेंब दिसेल. लेथवाला तुम्हाला अरबीत काहीतरी म्हणाला. मी विचारलं तर तुम्ही सांगितलं नाहीत, पण तुमची मान जरा ताठ झाली. काल मला दिसला तो थेंब त्याच भोकातला, बाबा. त्याने त्याचं काम केलं.

सुक्कोतच्या मधल्या दिवसांत गॅरेज बंद होतं, म्हणून आपण थेट वाळवंटात गेलो. त्याला ऑफिसला दाखवण्यापूर्वी खरी परीक्षा घ्यायची होती. आईने पहाटे उठून डबा दिला. रामला ते बेअरशेवा, तिथून खाली रामोनच्या विवरापर्यंत, अडीच तास न थांबता. दर अर्ध्या तासाला तुम्ही दांड्यांखालच्या पत्र्यावर तळहात ठेवून मोठ्याने मोजायचात. एक, दोन, तीन. पुढे पुढे तुम्ही वीसपर्यंत मोजायला लागलात, आणि तो हिब्रूत तुमच्या बरोबरीने मोजायला लागला. विवराच्या काठावर मी खाली शिरले: पुढचा अठ्ठ्याहत्तर, मागचा शहात्तर. मी आकडे सांगितले. त्याने गॉगल काढला, पुसला, परत घातला.

मग त्याने हमरस्ता सोडला आणि एका ओढ्याच्या पात्राकडे वळला. पुढे खडकांच्या पायऱ्या, गुडघ्याइतक्या उंच, खाली पांढरी वाळू आणि वाळूत उभी त्याची मोजपट्टी. त्याने दोन्ही डबे हळू गिअरमध्ये टाकले, इंजिन गुरगुरलं, आणि त्याने हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले. गाडी स्वतःच उतरायला लागली, आधी एक चाक, मग दुसरं, जशी म्हातारी बाई जिना उतरते. तो वळून तुम्हाला म्हणाला, उतर, बरोबर चाल. तुम्हाला वाटलं तो थट्टा करतोय. पण तुम्ही चालत्या गाडीतून उतरलात आणि तिच्या कडेने चालायला लागलात. चाळीस वर्षं तुम्ही गाड्यांच्या खाली काढलीत, मुंबईत आणि इथे. गाडीच्या बरोबरीने चालताना मी तुम्हाला पहिल्यांदाच बघत होते. तुमचा एक हात बॉनेटवर. पायरी आली की तुम्ही तिच्याशी मराठीत बोलत होतात, हळू गं, सांभाळ, असं. मी दुसऱ्या बाजूने उतरले आणि मीही चालले. पात्रात सावली होती, गार वारा होता. तळाशी त्याने किल्ली बंद केली आणि गाडी जागच्या जागी थांबली. एवढी शांतता झाली की तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू येत होती.

त्याने मोजपट्टीपाशी बसून आईचा डबा खाल्ला. त्यात गोड पोहे होते, ओलं खोबरं घातलेले, आईने नवस फेडायला मलिदा केला होता त्यातले. तो किबुत्झमध्ये, सामुदायिक शेतवस्तीत, वाढलेला, देवाधर्माचं त्याला काही नव्हतं. हा इंडियन नाश्ता का, असं त्याने विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, हो, बिघाड सापडला की करतात. त्या हिवाळ्यात पहिला लोंढा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजमध्ये फोन करून पाणी किती चढलं ते सांगितलं, जणू आपण त्याचं ऑफिस. निवृत्त होईपर्यंत तो ते काम करत राहिला.

आणि सण संपल्यावर पहिल्याच रविवारी, आठवड्याचं काम सुरू होताच, गॅरेजमध्ये फोन वाजला. मी उठले, तर तुम्ही आधी उचललात. कुणीतरी गिअरबॉक्सबद्दल विचारत होतं. तुम्ही थोडं ऐकलंत, आणि तुमच्या त्या अडखळत्या हिब्रूत म्हणालात, "थांब. ते माझ्या मुलीचं काम. ती गाडीखाली आहे, बोलावतो." मी तिथेच तुमच्या समोर उभी होते. तुम्ही मला हाताने खूण केलीत, जा, खाली जा.

'दुसरं मिळेपर्यंत' त्यानंतर तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मला दुसरं मिळालं होतं, बरं का. हैफाच्या एका कारखान्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. मी घरी काही न सांगता नकार कळवला.

हे पत्र कुठेच जाणार नाही, वही कपाटात ठेवीन. घरात कुणी वाचायची भीती नाही. माझ्या नवऱ्याला मराठी येत नाही, मुलीला समजतं पण वाचता येत नाही. ते बरंच आहे. कारण अठ्ठावीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही ते लिहिते: मी लग्नाच्या दिवशी खूश होते, मुलगी झाली तेव्हा तर होतेच, पण त्या चढाच्या मध्यावर, हात भाजलेला, पाठीला खडे, मागचा डबा एकशे एकवीस, तेव्हा मी जितकी खूश होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.